क्रिप्टो वॉलेट निवडताना आपला हिशेब आपल्यापाशी कसा ठेवायचा: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी धरमपेठेत एका सीएंच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते. गेल्या काही वर्षांत व्हिडिओ एडिटिंग, कोडिंग, डिझाइन असलं काम बाहेरच्या क्लायंटसाठी करणारी पोरं-पोरी आमच्याकडे यायला लागली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पैसे क्रिप्टोत मिळतात. जून-जुलै आला की कागद घेऊन येतात आणि टॅक्सचं बोलता बोलता गाडी वॉलेटवर येते, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या ॲपवर, तेच तेच प्रश्न, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

ताई, मी काही लपवून नाही राहिलो, मग वॉलेटमध्ये प्रायव्हसी कायले पाहिजे?

मनीषनगरचा एक पोरगा आमच्याकडे येतो, थंबनेल आणि मोशन ग्राफिक्स करतो. दोन वर्षं त्याने सगळ्या क्लायंटना यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन, घ्यायचा एकच ॲड्रेस दिला, ट्रॉन नेटवर्कवरचा. एका जुन्या क्लायंटला त्याने रेट वाढवून मागितला तर समोरून उत्तर म्हणून एक स्क्रीनशॉट आला, ट्रॉनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या ट्रॉनस्कॅन ह्या साइटचा. त्यात त्याचा पूर्ण बॅलन्स, मागच्या महिन्यात कोणाकडून किती आले, कोणत्या तारखेला किती बाहेर गेले सगळं, आणि खाली एक ओळ की तुझ्याकडे तर भरपूर पडलेत, आमच्याकडून वाढ कशाला हवी. तो पोरगा माझ्यासमोर खुर्चीत बसून तो स्क्रीनशॉट परत परत मोठा करून बघत होता.

ह्यात कोणी काही हॅक केलं नव्हतं. ॲड्रेस टाकला की कोणालाही दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. बर्डीवर चहावाल्याला यूपीआयने वीस रुपये दिले तर त्याला तुमचा बॅलन्स दिसतो का? नाही ना. क्रिप्टोचा ॲड्रेस देणं म्हणजे पासबुक उघडून त्याच्या गल्ल्यावर ठेवून येणं आहे. सरकारला जो हिशेब द्यायचा तो पूर्ण द्या, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण घरमालक, क्लायंट, लग्नात भेटलेला दूरचा मावसभाऊ, ह्यांना तुमचं पासबुक बघायचा काय हक्क?

पण बिटकॉइन तर गुप्त असतं म्हणतात?

नाही. टोपणनावाने असतं, गुप्त नसतं, आणि दोन्हीत फार फरक आहे. ३ जानेवारी २००९ चा अगदी पहिला ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या हिशेबाच्या वहीचं पहिलं पान, आजही कोणीही उघडून बघू शकतं आणि त्यानंतरचं प्रत्येक ट्रान्झॅक्शनसुद्धा. नाव लिहिलेलं नसतं एवढंच, पण एकदा का एका ॲड्रेसला तुमचं नाव चिकटलं की मागचं-पुढचं सगळं उलगडायला लागतं.

कसं ते सांगते. बिटकॉइन खिशातल्या नोटांसारखं चालतं. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणून आलेल्या तीन नोटा आहेत आणि मोठं पेमेंट करायचं म्हणून वॉलेटने तिन्ही एकत्र दिल्या, तर बघणारा लगेच ताडतो की ह्या तिन्ही एकाच माणसाच्या होत्या. वरचे सुटे परत येतात ते नवीन ॲड्रेसवर, तोही मग तुमचाच असणार. चेनॲनालिसिससारख्या कंपन्या, २०१४ पासूनची आहे ती, हेच धागे जोडायचं काम करतात आणि पोलीस, एक्स्चेंज म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपन्या, टॅक्सवाले त्यांची माहिती वापरतात.

एक्स्चेंजमध्येच पडू दिलं तर काय बिघडतं?

थोडे असतील आणि लवकरच विकायचे असतील तर राहू द्या, मी भांडणार नाही. बाहेरच्याला तुमचा एकट्याचा बॅलन्स तिथे दिसत नाही हेही खरं. पण एक्स्चेंजकडे तुमचं पॅन, आधार, बँक खातं, फोटो आणि प्रत्येक व्यवहार एका जागी असतो आणि पैसे हलवायची गुप्त किल्ली त्यांच्याकडे असते, तुमच्याकडे फक्त ॲपमधला आकडा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स ह्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून साधारण २३ कोटी डॉलर गेले, त्यानंतर लोकांचे पैसे किती महिने अडकले ते आपल्या नागपुरातल्या किती घरांनी पाहिलंय. इतवारीच्या सराफ्यात सोनं घेतलं आणि त्याच दुकानात ठेवून आलो असं आपण करतो का?

मग वॉलेट निवडताना नेमकं बघायचं काय?

नाव नंतर. आधी तीन गोष्टी विचारा, आणि ह्याच क्रमाने.

पहिली, किल्ली कोणाकडे. वॉलेट सुरू करताना १२ किंवा २४ शब्द तुम्हाला कागदावर लिहून घ्यायला लावले तर किल्ली तुमची. फक्त मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला, शब्दांचा पत्ताच नाही, तर बहुतेक वेळा किल्ली कंपनीकडे आहे किंवा अर्धीमुर्धी त्यांच्याकडे आहे. नाव, नंबर, ईमेल न मागता चालू होणारं वॉलेट घ्या, स्वतःचं वॉलेट बनवायला ह्यातलं काहीच लागत नाही, सगळं तुमच्याच फोनमध्ये तयार होतं.

दुसरी, वॉलेट बॅलन्स कोणाला विचारून दाखवतं. हा प्रश्न कोणी विचारतच नाही आणि प्रायव्हसी सगळ्यात जास्त इथेच गळते, म्हणून खाली वेगळा प्रश्न घातलाय.

तिसरी, कोणती नोट खर्च करायची हे तुम्हाला निवडता येतं का आणि दर वेळी नवीन ॲड्रेस मिळतो का. ह्याला कॉइन कंट्रोल म्हणतात. क्लायंट अ चे आलेले आणि क्लायंट ब चे आलेले एकत्र न मिसळता वेगवेगळे खर्च करता आले पाहिजेत, नाहीतर दोघांनाही एकमेकांचं दिसतं.

कोड खुला असला पाहिजे हे आहेच, म्हणजे बाहेरचे जाणकार तपासू शकतात, पण खुला कोड म्हणजे आपोआप प्रायव्हेट असं नाही हेही लक्षात ठेवा.

आता नावं. बिटकॉइनसाठी कॉम्प्युटरवर मला स्पॅरो आवडतं, कॉइन कंट्रोल छान आहे, प्रत्येक व्यवहाराला लेबल लावता येतं आणि ते लेबल रिटर्न भरताना मला सोन्यासारखं कामी येतं. इलेक्ट्रम २०११ पासून आहे, जुनं आणि भरवशाचं, दिसायला साधं. मोबाइलवर ब्लूवॉलेट, त्यात आपला सर्व्हर टाकता येतो. इथेरियमवाल्यांना मेटामास्क शिवाय राहवत नाही, ठीक आहे, पण सेटिंग बदलून वापरा. सगळ्या कॉइनला चालणारं एकच वॉलेट हवं असा हट्ट धरू नका, पन्नास नेटवर्क एकत्र दाखवणारं ॲप पन्नास ठिकाणी विचारायला जातं.

वॉलेट कोणाला विचारतं म्हणजे? ते तर माझ्या फोनमध्येच आहे ना?

किल्ली फोनमध्ये आहे, हिशेबाची वही नाही. बिटकॉइनची पूर्ण वही आता ६०० जीबीच्या वर गेली, ती फोनमध्ये मावणार कुठे, म्हणून ॲप उघडलं की ते कोणाच्यातरी सर्व्हरला विचारतं की ह्या ह्या ॲड्रेसवर किती आहेत सांग. म्हणजे त्या सर्व्हरला एकाच वेळी तुमचे सगळे ॲड्रेस कळले आणि वरून तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर. तुम्ही मोठ्या काळजीने दहा वेगवेगळे ॲड्रेस ठेवले आणि ॲपने ते दहाही एका दमात एकाच ठिकाणी विचारले तर काय राहिलं?

मेटामास्क मुळात इन्फ्युरा नावाच्या सर्व्हरला विचारतं, दोन्ही एकाच कंपनीचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं आलं की व्यवहार करताना आयपी आणि वॉलेट ॲड्रेस गोळा होतो, लोक भडकले, मग त्यांनी हा डेटा ७ दिवसांपर्यंतच ठेवू असं सांगितलं. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन दुसरा आरपीसी, म्हणजे विचारायचा दुसरा सर्व्हर, टाकू शकता.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्वतःचा नोड, वही आपल्याच मशीनवर तपासणारं सॉफ्टवेअर. घाबरू नका, जुना लॅपटॉप चालतो. बिटकॉइन कोअर हे त्याचं सॉफ्टवेअर प्रून मोडमध्ये टाकलं तर ते जुने ब्लॉक तपासून पुसत जातं, डिस्कवर थोडीच जागा लागते, फक्त पहिल्यांदा पूर्ण वही डाउनलोड करून तपासावीच लागते आणि त्याला दिवस जातात. मे महिन्यात ४५ डिग्रीत बंद खोलीत चालू करू नका एवढंच सांगते, लॅपटॉप तापून बंद पडतो, पावसाळ्यात नाहीतर थंडीत करा. स्पॅरो त्याला थेट जोडता येतं.

नोड नको असेल तर निदान टॉरवरून, म्हणजे आयपी झाकणाऱ्या नेटवर्कवरून, जोडा, स्पॅरोमध्ये ती सोय आहे. व्हीपीएनबद्दल सगळे विचारतात, तर सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितलंय आणि त्यामुळे काही कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हरच काढून टाकले. व्हीपीएन म्हणजे आयपी कोणाला दाखवायचा त्याची अदलाबदल, त्याहून जास्त काही नाही.

दर वेळी नवीन ॲड्रेस दिला तर सांभाळायचे किती?

काहीच सांभाळायचं नाही. एकाच १२ शब्दांतून हजारो ॲड्रेस निघतात, वॉलेट आपोआप देतं, जुन्यावर आलेले पैसेही तुमचेच राहतात. बिटकॉइनची चांगली वॉलेट हे स्वतःहून करतात.

अडचण इथेरियम आणि ट्रॉनवाल्यांची आहे, तिथे एकच ॲड्रेस वर्षानुवर्षं वापरायची पद्धत पडलीय. तिथे वेगळे अकाउंट बनवा, क्लायंटचं एक, बचतीचं एक, खेळायचं एक. आता ह्यात सगळे जिथे फसतात ती जागा सांगते. नवीन अकाउंटवरून यूएसडीटी पाठवायचे तर फीसाठी थोडे ट्रॉन किंवा इथर लागतात, मग माणूस काय करतो, जुन्या अकाउंटवरून चिमूटभर पाठवून देतो. झालं! दोन्ही अकाउंट कायमचे एकमेकांना बांधले गेले, त्या चिमूटभर फीने. फीचे पैसे एक्स्चेंजमधून वेगळे त्या अकाउंटवर काढा, एक्स्चेंजला कळेल पण क्लायंटला कळणार नाही, आणि आपल्याला क्लायंटपासूनच तर जपायचंय.

हार्डवेअर वॉलेट घेऊ का?

म्हणजे किल्ली फोनबाहेर वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवणारं वॉलेट. रक्कम मोठी असेल तर हो. पण ते चोरीपासून वाचवतं, नजरेपासून नाही. किल्ली बाहेर येत नाही, बॅलन्स मात्र कंपनीच्या ॲपमधून बघितला तर विचारणा कंपनीच्या सर्व्हरलाच जाते. ट्रेझर नावाच्या हार्डवेअर वॉलेटच्या ॲपमध्ये टॉर आणि कॉइन कंट्रोल दोन्ही आहे. ट्रेझर, लेजर, कोल्डकार्ड तिन्ही स्पॅरोसोबत चालतात, मी तसंच वापरायला सांगते.

जास्त काळजी विकत घेताना घ्या. २०२० मध्ये लेजरच्या विक्रीच्या डेटाबेसमधून साधारण २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर फुटले आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांसाठी उघडे झाले. डिव्हाइस सुरक्षितच होतं, पण कोणाच्या घरी क्रिप्टो आहे ह्याची यादी बाहेर पडली. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये त्याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाला घरातून पळवून नेऊन खंडणी मागितली आणि त्याचं बोट तोडलं, पोलिसांनी सोडवलं त्याला. म्हणून सांगते, ऑर्डर करताना वेगळा ईमेल द्या, शक्य असेल तर पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा आणि आल्यावर स्टेटसला फोटो टाकू नका.

सेकंडहँड घेऊ नका. डब्यात आधीच शब्द लिहिलेला कागद निघाला तर ते वॉलेट चोराचं आहे, परत करा.

बारा शब्द कुठे ठेवायचे? फोटो काढून ठेवला तर?

फोटो नाही, बाप्पा, काहीही करा पण फोटो नाही. गॅलरीतला फोटो क्लाउडवर चढतो, तुम्हाला माहीतही नसतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलचा ड्राफ्ट, नोट्स ॲप, सगळं त्यातलंच.

कागदाचं माझ्या घरचं सांगते. मी शब्द जेल पेनने डायरीच्या मागच्या पानावर लिहिले आणि डायरी खिडकीजवळच्या फळीवर ठेवली. मे महिन्यात कूलर लावला, पॅडचं पाणी बाजूने झिरपत फळीवर येत होतं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये डायरी काढली तर पान निळं झालेलं. सातव्या शब्दाची पहिली चारच अक्षरं राहिली होती आणि अकरावा पूर्ण पुसलेला. सातवा लगेच सापडला, कारण ह्या शब्दांची यादी ठरलेली आहे, २०४८ शब्दांची, आणि ती अशी बनवलीय की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. अकराव्यासाठी २०४८ पर्याय, पण १२ शब्दांत शेवटी एक तपासणी दडलेली असते, त्यामुळे त्यातले साधारण १२८ च जुळतात. इंटरनेट बंद केलेल्या लॅपटॉपवर एकेक करून बघितलं, संध्याकाळ गेली, सापडलं. दोन शब्द पूर्ण गेले असते तर घरी बसून हाताने जमलं नसतं.

तेव्हापासून पेन्सिलने लिहिते, शिसं पाण्याने पसरत नाही, आणि एक प्रत स्टीलवर. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचे पंच मिळतात, हातोडीने स्टीलच्या पट्टीवर ठोकायचे, प्रत्येक शब्दाची चार अक्षरं पुरतात. भांड्यांवर नाव घालून देतात त्यांच्याकडे नेऊ नका, स्वतः ठोका, तो माणूस कितीही चांगला असला तरी ते शब्द दुसऱ्याने वाचायचे नसतात.

आणि पैसे टाकायच्या आधी एकदा वॉलेट पुसून त्या शब्दांवरून परत उभं करून बघा. आधी, नंतर नाही.

मोनेरो घेतलं तर हे सगळं करावंच नाही लागणार ना?

बरंचसं नाही. २०१४ मध्ये सुरू झालेलं मोनेरो हे कॉइन पाठवणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकतं, मुळातच तसं बनवलंय, खरा व्यवहार इतर १५ खोट्यांमध्ये मिसळलेला असतो. कॉम्प्युटरवर फेदर आणि मोबाइलवर केक वॉलेट चांगलं. झीकॅशमध्येही झाकायची सोय आहे पण ती वापरली तरच. पण विकायला गेलात की अडचण, बायनान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकलं, आणि क्लायंट तर यूएसडीटीच देतो. तंत्र म्हणून मला ते फार आवडतं, कमाईचे पैसे ठेवायला मी सांगत नाही.

मिक्सर वापरू का?

मिक्सर म्हणजे माग तुटावा म्हणून अनेकांचे कॉइन एकत्र मिसळून परत देणारी सेवा. नका वापरू. तुमचे स्वच्छ कमाईचे पैसे तिथे कोणाच्या चोरीच्या पैशात मिसळतील आणि एक्स्चेंजने अडवले तर सिद्ध करत बसाल. अशी मिसळायची सोय असलेलं समुराई वॉलेट बनवणाऱ्यांना एप्रिल २०२४ मध्ये अटक झाली, वसाबी ह्या दुसऱ्या वॉलेटची मुख्य मिसळायची सेवा चालवणाऱ्या कंपनीने १ जून २०२४ पासून ती बंद केली. वेगळे ॲड्रेस आणि कॉइन कंट्रोल नीट केलं तर साध्या माणसाला पुरतं.

स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं तर टॅक्सवाल्यांना कळत नाही, खरं काय?

हे ऐकलं की मला राग येतो, कारण असं सांगणारे नंतर नोटीस घेऊन आमच्याकडेच येतात. तुमच्या एक्स्चेंजला तुमचं पॅन माहीत आहे आणि कोणत्या ॲड्रेसवर पैसे काढले तेही. ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले, त्यांना एफआययूकडे, म्हणजे सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी करावी लागते आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात.

स्वतःचं वॉलेट ठेवणं गुन्हा नाही. टॅक्स द्यायचा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. कामाचे पैसे क्रिप्टोत आले तर आमच्या ऑफिसात आम्ही ते मिळाले त्या दिवशीच्या रुपयातल्या किमतीने उत्पन्नात धरतो, पुढे विकल्यावरचा फरक वेगळा. रिटर्नमध्ये व्हीडीएचं, म्हणजे क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचं, वेगळं शेड्यूल आहे, तिथे भरायचं. म्हणून वहीत तारीख, किती, त्या दिवशीचा भाव, कोणाकडून, एवढं दर वेळी लिहा, चेनवर काय झालं ते नंतर शोधता येतं पण कशासाठी झालं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं.

टेलिग्रामवर ओळख झालेल्याला पी-टू-पी, म्हणजे एक्स्चेंजशिवाय थेट, विकलं तर कोणालाच कळत नाही म्हणतात?

नंदनवनच्या एका ताईने विकले, खात्यात पैसे आले, आठ दिवसांनी खातं गोठलं. समोरच्याने पाठवलेले पैसे दुसऱ्या राज्यात कोणाला तरी फसवून काढलेले होते, त्या माणसाने सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग लागत लागत ताईच्या खात्यापर्यंत आला. पगाराचं खातं होतं ते, पोरांची फी त्यातूनच जायची. सुटायला महिने गेले आणि तिला प्रत्येक चॅट, प्रत्येक व्यवहार दाखवावा लागला. ज्या प्रायव्हसीसाठी केलं तीच सगळी उघडी पडली. एफआययूकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवर विका.

कोणीतरी एक्सपब मागून राहिलं, देऊ?

नाही. एक्सपब म्हणजे वॉलेटचे सगळे ॲड्रेस ज्यातून निघतात तो कोड. त्यातून पैसे जात नाहीत पण तुमचे त्या वॉलेटचे मागचे-पुढचे सगळे ॲड्रेस त्याला कायमचे दिसतात.

मी न मागता कोणीतरी थोडेसे कॉइन पाठवले, काय करू?

हात लावू नका. त्या चिल्लरीला तुमच्या बाकीच्या पैशासोबत खर्च केलं की सगळे ॲड्रेस जोडले जातात, त्यासाठीच पाठवतात. स्पॅरोमध्ये ती नोट गोठवून ठेवता येते. आणि ट्रॉनवर तुमच्या ओळखीच्या ॲड्रेससारखाच दिसणारा ॲड्रेस हिस्टरीत घुसवतात, पुढच्या वेळी तुम्ही तिथूनच कॉपी कराल म्हणून. हिस्टरीतून कॉपी करू नका, मधली अक्षरंही बघा.

एवढं सगळं लपवून ठेवलं आणि मला काही झालं तर घरच्यांना कसं मिळणार?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. सांगते मी काय केलंय ते. स्टीलची पट्टी आईच्या लॉकरमध्ये आहे. शब्दांवर एक जास्तीचा पासफ्रेज लावलाय, त्यामुळे नुसती पट्टी हातात पडली तरी पैसे दिसत नाहीत, तो पासफ्रेज बंद पाकिटात नवऱ्याकडे आहे आणि दोघांनाही माहीत आहे की दुसऱ्याकडे काय आहे. सोबत एक पानभर साध्या मराठीत लिहिलंय, कोणतं ॲप उघडायचं, कोणाला विचारायचं, आणि मदत करतो म्हणून फोन आला तर शब्द अजिबात सांगायचे नाहीत. दिवाळीत एकदा नवऱ्याला शेजारी बसवून छोट्या रकमेवर त्याच्या हाताने पूर्ण करून घेतलं, त्याला पाऊण तास लागला, पासफ्रेजमध्ये एक स्पेस जास्त पडत होती आणि वॉलेट रिकामं दिसत होतं. ती स्पेस आता त्या पानावर लाल पेन्सिलने लिहिलेली आहे.